सतराव्या पानावरची खूण

शेवटचा पेपर संपल्याची घंटा झाली की मुलं वर्गातून बाहेर पडत नाहीत, सांडतात. यंदाही सांडली. दोन मिनिटांत वर्गात मी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि पंख्याची घरघर एवढंच उरलं. गठ्ठा बांधताना समोरच्या बाकाकडे नजर गेली. कुणीतरी पेन्सिलीने छोटासा मासा काढला होता. एकाच रेघेत, तोंडापासून निघून शेपटीशी स्वतःलाच ओलांडून जाणारी रेघ. पंचवीसेक वर्षं इंग्रजी शिकवतेय. बाकांवर बदाम, बाण, शिक्षकांची व्यंगचित्रं सगळं पाहिलंय. एकदोनदा त्यात मीही होते आणि नाक अगदी बरोबर आलं होतं. पण हा मासा माझा होता. म्हणजे मी सहावीत असताना तो माझा होता. पुसायला खोडरबर काढलं आणि तसंच परत पर्समध्ये टाकलं.

सहावीची परीक्षा संपली तेव्हा आम्ही ठाण्याला कोपरीत राहायचो, दोन खोल्यांत. दुपारी खाडीकडून वारा यायचा आणि त्यात मिठाचा वास असायचा. दोरीवरचे कपडे वाळून पापडासारखे कडक व्हायचे. आमच्या समोरच्या चाळीच्या मालकीणबाई म्हात्रेकाकी. त्यांच्या सासऱ्यांची मिठागरं होती, ती गेली, त्या जागी चाळ आली आणि चाळीच्या पुढच्या खोलीत काकींनी वाचनालय काढलं. काकींना स्वतःला वाचनाची आवड शून्य. रद्दीतून आलेली पुस्तकं त्या बोंबील निवडावेत तशी निवडायच्या, वास घेऊन आणि पाठीचा कणा दाबून. त्या निवडीत एक अख्खी फळी इंग्रजी युद्धकथांची होती.

तळहातात मावणारी पुस्तकं. बाहेर रंगीत चित्र, आत सगळी काळी-पांढरी. एका पानावर दोन किंवा तीन चौकटी, चौकटीत माणसं, माणसांच्या तोंडाजवळ बोलण्याचे फुगे. एका पुस्तकात एक पूर्ण गोष्ट, आणि पुढच्या पुस्तकात नवी माणसं, नवी लढाई. प्रत्येकावर क्रमांक. मालिकेचं इंग्रजी नाव होतं, पण ते आम्ही कधी घेतलं नाही. बाहेरच्या चित्रात लोखंडी टोपी हमखास असायची, म्हणून ती ‘टोपीची पुस्तकं’. लिहिणाऱ्याचं नाव नाही, काढणाऱ्याचं नाही. लग्नाच्या पत्रिकेवर छापणारासुद्धा आपलं नाव टाकतो, आणि इथे चौसष्ट पानं लढाई करून माणूस गायब. मला त्याचं तेव्हाही नवल वाटायचं आणि अजूनही वाटतं.

बाहेरून सगळी सारखीच, त्यामुळे वाचलेलं कुठलं आणि न वाचलेलं कुठलं हे घरी आणल्यावर कळायचं. त्यावर कोपरीने एक उपाय काढला होता. वाचून झालं की ठरलेल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने आपली बारीक खूण करायची. पुढच्या वेळी पुस्तक घेताना आधी ते पान उघडायचं. प्रत्येक घराचं पान वेगळं, प्रत्येकाची खूण वेगळी. कुणाचं फूल, कुणाचा तारा, पोस्टातल्या एका काकांचा चक्क गोल शिक्का. काकी ओरडायच्या, “बुकात रेघोट्या कोन मारतंय गो?” पण गिऱ्हाईक गोंधळलं की त्याच पुस्तक उघडून दाखवायच्या, “ही काय तुजी फुली, वाचलेलं हाय.”

आमच्या घराचं पान सतरावं. माझा मासा. बाबांची खूण म्हणजे छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, वर टोकाला मिळणाऱ्या, खाली उघड्या. मी एकदा विचारलं होतं, हे घर आहे का डोंगर? बाबा म्हणाले, “आहे काहीतरी.”

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते. शुक्रवारची सुट्टी. त्या दुपारी जेवण झालं की गॅलरीत चटई पडायची, बाबा टोपीचं पुस्तक उघडायचे आणि मला गोष्ट सांगायचे. एकेका चौकटीवर काळं पडलेलं बोट ठेवत. “हा बघ मेजर. हा म्हणतोय, पूल उडवायचा तर आधी पोरांना जेवू घाला.” मी विचारायची, “मग?” “मग काय, जेवले. भूक लागलेली ना.” आतून आई म्हणायची, “तुमची लढाई आटपली की ताटं उचला.” कधी ऊन उतरल्यावर आम्ही पलीकडच्या, उरलेल्या मिठागरांच्या बांधावर जायचो. मे महिन्यात ती जमीन पांढरीफेक, डोळे दिपायचे. बाबा सांगायचे, वाळवंट असंच असतं. वाळवंटाची पुस्तकं त्यांना सगळ्यांत प्रिय होती. त्याचं कारण मला माहीत होतं, आमच्या घरात ते सगळ्यांनाच माहीत होतं. बाबांचे वडील त्या मोठ्या लढाईत फौजेबरोबर गेले होते, आफ्रिकेकडे. बाबा तेव्हा आजीच्या पोटात. आजोबा परत आले नाहीत. तार नाही, सामान नाही, काही नाही. आजी मरेपर्यंत कुंकू लावायची.

सहावीच्या त्या उन्हाळ्यात माझ्यावर एक मोठं संकट आलं. मला इंग्रजी वाचता यायला लागलं.

पाचवीपासून इंग्रजी सुरू झालेलं, सहावीत पहिला नंबर आलेला, डोक्यात हवा गेलेली. बाबा कामावर असले की दुपारी मी काकींच्या वाचनालयात जमिनीवर बसून, छोटा शब्दकोश मांडीवर घेऊन टोपीची पुस्तकं वाचायला लागले. एक फुगा उलगडायला पाच मिनिटं लागायची. पहिल्याच पुस्तकात जो मेजर बाबांच्या गोष्टीत पोरांना जेवू घाला म्हणत होता, तो प्रत्यक्षात म्हणत होता की कामचुकारांना गोळ्या घालीन. मला वाटलं, माझंच चुकतंय. मी दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. मग लक्षात आलं. बाबा चौथी शिकलेले. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. ते चित्रं बघून गोष्टी रचत होते आणि त्यांच्या गोष्टीत एकही शिपाई मरत नव्हता.

बारा वर्षांच्या मुलीला आपल्या बापाचं असं गुपित कळणं ही काही लहान गोष्ट नाही. मी दोन दिवस नीट जेवले नाही. आणि तिसऱ्या दिवशी ठरवलं की बाबांना कळू द्यायचं नाही. पुढच्या शुक्रवारी ते पुस्तक उघडून बसले आणि मी नेहमीसारखी म्हणाले, “मग?” तो सगळा उन्हाळा मी “मग?” म्हणत राहिले. दुपारी काकींकडे खरी गोष्ट वाचायची, सवयीने सतराव्या पानावर मासा काढायचा, आणि शुक्रवारी त्याच पुस्तकाची बाबांची गोष्ट ऐकायची. मासा बघून बाबांना काय वाटेल याची भीती नव्हती. मी नुसती चित्रंच बघते असं त्यांना वाटत असणार, असा माझा समज. आपण बाबांना सांभाळून घेतलं याचा मला पुढे कितीतरी वर्षं अभिमान होता. कुणाला सांगितलं नाही, पण आतून छान वाटायचं.

एका पुस्तकाने मात्र त्या उन्हाळ्यात मला त्रास दिला. त्यात वाळवंटात लॉऱ्यांचा तांडा चाललेला असतो. दोन गोरे शिपाई, त्यांची दोस्ती, भांडण, पदक वगैरे. पण मधल्या चार चौकटींत एक काळासावळा माणूस आहे. डोक्याला फडकं, हातात पाण्याचा डबा. पहिल्यात तो एका शिपायाला पाणी देतो. दुसऱ्यात लॉरीशी उभा आहे. तिसऱ्यात मागे कुठेतरी. चौथ्यात धुराच्या दिशेने चाललेला, पाठमोरा, हातात डबा. बस. त्या शुक्रवारी बाबांच्या गोष्टीत मुख्य माणूस तोच होता. धुरातून पलीकडे गेला, बोटीत बसला, मुंबईला उतरला, चालत घरी आला. बायको भाकऱ्या थापत होती. तिने वर बघितलंच नाही, म्हणाली, पाय धुऊन या.

मी तेव्हा “मग?” म्हणाले की नाही, आठवत नाही.

पुढे इंग्रजीचे मोठे वर्ग आले, नोकरी आली, लग्न झालं. निम्म्या ठाण्याच्या पोरांना मी इंग्रजी शिकवलं, आणि ज्या माणसाला एका छोट्या पुस्तकापुरतं ते हवं होतं, त्याच्या शेजारी एक दुपार बसले नाही. हे लिहायला लाज वाटते. तेव्हा त्याला मी सांभाळून घेणं म्हणत होते.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे वर्तकनगरला राहायला आले. त्यांच्या ट्रंकेत एक वही निघाली. आडव्या रेघांची, तेलाचे डाग पडलेली. आत मराठीत मथळे आणि खाली टोपीच्या पुस्तकांचे क्रमांक. ‘बोल्टवाला’. ‘हातमोजेवाला’. ‘धूर चांगला’. ‘घोडा येत नाही’. मी विचारलं, हे काय? बाबा थोडे लाजले. “अगं, काढणारे वेगवेगळे आहेत ना. नाव टाकत नाहीत, पण हात लपतो का? हा एक आहे, तो रणगाड्याचे बोल्ट काढतो ते डाव्या आट्याचे, उलटे पिळायचे. दरवेळी. आमच्या कंपनीत असा बोल्ट काढला असता तर फोरमनने गेटबाहेर बसवला असता. पण माणूस बाकी एक नंबर.”

त्या वहीने मला झपाटलं. अक्षर न वाचता एका मालिकेचे काढणारे हात या माणसाने वेगळे केले होते. काही क्रमांकांपुढे लिहिलं होतं, ‘जुनंच, नवी टोपी’. म्हणजे काही वर्षांनी तीच गोष्ट बाहेरचं चित्र बदलून पुन्हा यायची आणि तेही यांनी बोल्टांवरून पकडलं होतं. मला जाणून घ्यायचं होतं की बाबांचं कितपत बरोबर आहे. शोधत शोधत डोंबिवलीतल्या सबनीसांपर्यंत पोचले. बँकेतून निवृत्त, घरात बायकोच्या परवानगीने एक कपाट आणि परवानगीशिवाय पलंगाखालच्या चार पेट्या, सगळ्यांत हीच पुस्तकं, डांबराच्या गोळ्यांसकट.

सबनीस म्हणाले, “असं बघा बाई, महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. लढून आलेली माणसं घरी बसली होती. त्यांना सांगायचं होतं, पण जेवणाच्या टेबलावर कुणाला ऐकायचं नव्हतं. त्यांतल्या काहींनी या गोष्टी लिहिल्या. पोरं वाचतील म्हणून छोट्या पुस्तकांत. आणि ते चालूच राहिलं. रेडिओ गेला, टीव्ही आला, मोबाइल आला, यांचा नवा अंक अजून निघतो.”

“आणि चित्रं?”

“तीच तर गंमत आहे. चित्रं भलतीकडूनच यायची. इटलीतून, स्पेनमधून, पार दक्षिण अमेरिकेतून. गोष्ट टपालाने जायची, चित्रं टपालाने परत यायची. लिहिणारा आणि काढणारा आयुष्यात भेटायचे नाहीत. काढणाऱ्यांतल्या कित्येकांना इंग्रजी येतच नव्हतं म्हणे. कुणी भाषांतर करून दिलं तर दिलं, नाहीतर अंदाजाने.”

मी उठून उभीच राहिले. सबनीसांना वाटलं मी निघाले, ते चप्पल कुठे आहे सांगायला लागले. मला हसू येत होतं. म्हणजे आमच्या बोल्टवाल्याला इंग्रजी येत नसेल, आणि त्याची चित्रं कोपरीच्या गॅलरीत वाचणाऱ्यालाही येत नव्हतं. बिचारी इंग्रजी भाषा दोघांच्या मध्ये फुग्यांमधून उगाच बडबडत बसलेली. मग मी बाबांची वही काढली. सबनीसांनी चष्मा बदलला. त्यांची स्वतःची यादी होती, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेली. बोल्टवाल्याचे क्रमांक ते एकेक करून त्या यादीशी लावून बघायला लागले. मग म्हणाले, “एक चुकलाय. बाकी सगळे एकाच माणसाचे. वडील काय करतात आपले?”

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, “चुकलेला कुठला?”

एव्हाना त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झालेला होता. डावा गेला. उजव्यात मधोमध लहानशी खिडकी उरली आहे. समोरच्या माणसाचं नाक दिसतं तर कान दिसत नाहीत. या फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “थेंब चालू ठेवा, पण ही खिडकी फार दिवस राहील असं नाही. त्यांना काही बघायचं असेल तर बघून घेऊ द्या.” मी बाबांना विचारलं, कुठे जायचंय का, काय बघायचंय? ते म्हणाले, “आता काय बघायचंय. सगळं बघितलं.” आणि थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखं, “ते पाण्याच्या डबेवाल्याचं पुस्तक कुठे मिळत असेल काय?”

सबनीसांकडे ते नव्हतं. नंबर कुणाला आठवत नव्हता; वहीत नुसते क्रमांक होते, कुठली गोष्ट ते नव्हतं. मी विठ्ठलवाडीपर्यंत रद्दीची दुकानं पालथी घातली.

आणि बाकावरचा मासा दिसला त्याच आठवड्यात कविताचा फोन आला. कविता म्हणजे म्हात्रेकाकींची सून. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. “ताई, चाळ पाडणारेत, टॉवर येतोय. माळ्यावर सासूबाईंच्या बुकांच्या दोन गोण्या निघाल्यात. रद्दीवाल्याला देऊ का तुम्ही बघताय?” मी उत्तरपत्रिका तशाच ठेवून रिक्षा केली.

रिकाम्या वाचनालयात, पूर्वी बसायची तिथेच जमिनीवर बसून मी गोणी उपसत होते. धुळीने शिंका येत होत्या. दुसऱ्या गोणीत ते सापडलं. बाहेर वाळू, लोखंडी टोपी, आणि मागे लॉऱ्या. हाताने आपोआप सतरावं पान उघडलं. कोपऱ्यात माझा मासा. त्याच्या शेजारी बाबांचं छप्पर, माशाला जागा देऊन जरा उजवीकडे सरकलेलं.

पुस्तक घेताना बाबा आधी सतरावं पान उघडायचे. ही शिस्त त्यांनीच मला शिकवलेली. म्हणजे माझा मासा बघूनच त्यांनी ते पुस्तक उचललं होतं. मांडीवर शब्दकोश घेऊन त्यांची मुलगी दुपारी इथे बसते हे काकींनी त्यांना सांगितल्याशिवाय राहिलं असेल का? त्यांना माहीत होतं की मी खरी गोष्ट वाचलेली आहे. तरी त्यांनी तेच पुस्तक घरी आणलं आणि मला समोर बसवून आपली गोष्ट सांगितली. गोणीतली बाकीची पुस्तकं उघडून पाहिली. त्या उन्हाळ्यातल्या प्रत्येकात आधी मासा, मग छप्पर. इतक्या वर्षांचा माझा अभिमान त्या धुळीत कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मी बाबांच्या हातात पुस्तक दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, खिडकीत येईल एवढंच बघत, हळूहळू सरकवत. त्यांना आता एका वेळी एकच चौकट दिसते.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं मी वाचलेलं.”

“हो.”

“मग तरी सांगत होतात?”

“मग मला कसं कळणार होतं आत काय लिहिलंय?” बाबा अगदी सहज म्हणाले. “मी सांगायचो आणि तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू हसू दाबलंस की समजायचं, इथे चुकलो. मान हलवलीस की बरोबर. अर्धं पुस्तक तसं वाचलं मी.”

ते पानं उलटत होते. पाण्याचा डबा घेतलेला माणूस आला तिथे थांबले.

“इथे मात्र तू काहीच केलं नाहीस. हसली नाहीस, मान नाही, ‘मग’ पण म्हणाली नाहीस. मी समजून गेलो काहीतरी वाईट लिहिलंय. विचारायची हिंमत झाली नाही. नंतर तू कॉलेजला गेलेलीस तेव्हा पण एकदा विचारणार होतो.” त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं. “आता वाच. जे लिहिलंय तेच वाच, माझ्यासारखं करू नको.”

मी पहिल्या पानापासून वाचलं. एकेक फुगा, जसाच्या तसा मराठीत. बाबा बोट ठेवून चौकट धरायचे, मी वाचायची. दोस्ती झाली, भांडण झालं. पाण्याचा डबा घेतलेला माणूस आला, एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या चौकटीत तो पाठमोरा धुराकडे चालला. मी पुढचं पान वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, पदक मिळालं, गोष्ट संपली. बाबा थांबून राहिले होते.

“डबेवाल्याचं?”

“काही नाही लिहिलेलं, बाबा. एकही शब्द नाही. नाव नाही. तो बोलत नाही आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.” आणि मग, सबनीसांचं आठवून, “लिहिणाऱ्याच्या गोष्टीत तो नसेलच. काढणाऱ्याने आपल्या मनाने काढला असेल.”

“बोल्टवाल्याने,” बाबा म्हणाले. त्यांनी पुस्तक पुन्हा घेतलं, ती चौथी चौकट खिडकीत आणली आणि बराच वेळ बघत राहिले. खाली शाळेला सुट्टी लागलेल्या पोरांचा क्रिकेटवरून वाद चालला होता.

“म्हणजे मेला असंही कुठे लिहिलेलं नाही ना?”

“नाही.”

“सगळं वाचलंस? काही गाळलं नाहीस?”

“सगळं वाचलं.”

“पेन्सिल दे.”

पर्समध्ये होती. ती त्यांच्या बोटांत दिली आणि सतरावं पान काढून धरलं. त्यांनी आधी माझा मासा शोधला, मग शेजारचं आपलं छप्पर. त्याच्याखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, थोडी वाकडी, तिसरी रेघ मारली आणि त्रिकोण पुरा केला.

“अर्धवट खूण होती,” बाबा म्हणाले. “वाचलं कुठे होतं तेव्हा.”